माकडताप: काजूच्या सीझनआधी, सीझनमध्ये आणि मेलेलं माकड दिसल्यावर नक्की काय करायचं

सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग, बांदा, सावंतवाडी पट्ट्यात किंवा पलीकडे गोव्यात सत्तरीत ज्यांची बाग आहे त्यांना माकडताप, म्हणजे जंगलातल्या गोचिडीतून माणसाला होणारा व्हायरसचा ताप, हे नाव आता नवीन नाही. सत्तरीत २०१५ ला केसेस सापडल्या, दोडामार्गात २०१६ ला आणि मग बांदा भागात. तेव्हापासून दर हिवाळ्यात तेच चालतं, कुठेतरी माकड मेल्याची बातमी येते, व्हॉट्सॲपवर घबराट होते, दोन-चार दिवस फवारणीची मागणी होते आणि काजू पडायला लागले की सगळे परत बागेत. बाग काय सोडता येत नाही. म्हणून सीझनच्या आधीपासून शेवटापर्यंत कधी काय करायचं ते क्रमाने लिहितोय, आणि प्रत्येक गोष्टीमागे संशोधनात काय सापडलंय तेही सांगतो, कारण कारण कळलं की माणूस ते काम करतो, नुसतं 'काळजी घ्या' म्हटलं की कोणी घेत नाही.

आधी रोग कसा फिरतो ते समजून घ्या

हे वगळू नका, पुढचं सगळं यावर अवलंबून आहे.

१९५७ मध्ये कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं मरायला लागली आणि आजूबाजूच्या गावात माणसं तापाने फणफणायला लागली. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरची टीम (म्हणजे आजची एनआयव्ही, राष्ट्रीय विषाणू संस्था) तातडीने गेली, कारण माकडं आणि माणसं एकदम आजारी म्हटल्यावर पहिला संशय यलो फीवरचा होता, जो आशियात कधीच नव्हता. तो निघाला नाही. निघाला एक नवाच व्हायरस, रशियात गोचिडीतून पसरणाऱ्या मेंदूज्वराच्या व्हायरसचा भाऊबंद, आणि तो माकडांत तसाच जंगलातल्या गोचिडीतही सापडला. म्हणून कागदोपत्री नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, थोडक्यात केएफडी.

आता चक्र बघा. हीमाफायसॅलिस स्पिनिजेरा नावाची जंगली गोचीड ही यातली मुख्य. तिच्या आयुष्यात तीन टप्पे, आणि प्रत्येक टप्प्यात ती एकदाच रक्त पिते, तेही वेगळ्या प्राण्याचं. पावसाळा सरल्यावर अंड्यातून पिल्लं निघतात, ती उंदीर, चिचुंद्री, खार, पक्षी, माकड अशा कोणालाही चिकटतात. रक्त पिऊन खाली पडतात, कात टाकून मधल्या अवस्थेत जातात, तिला शास्त्रज्ञ निम्फ म्हणतात. ही निम्फ खसखशीच्या दाण्याएवढी असते आणि माणसाला चावते ती मुख्यतः हीच. साधारण नोव्हेंबरपासून मे पर्यंत तिचा काळ, जानेवारी ते मार्च जोरात. म्हणजे बरोब्बर काजूचा मोहोर, बोंडू आणि बी गोळा करायचे दिवस. नंतर पावसाळ्यात मोठ्या झालेल्या गोचिडी गुरं, गवा, सांबर अशा मोठ्या जनावरांवर जातात, पोट भरून पडतात आणि पाचोळ्यात हजारोंनी अंडी घालतात.

यात माकडाची जागा कुठली? लाल तोंडाचं माकड आणि काळ्या तोंडाचं वानर, दोघांनाही हा रोग होतो आणि दोघंही मरतात. आजारी माकडाच्या रक्तात व्हायरस भरपूर असतो, त्यामुळे त्याचं रक्त प्यायलेली बारीक पिल्लं व्हायरस घेऊन जमिनीवर पडतात आणि काही दिवसांनी त्याच जागी निम्फ होऊन पुढच्या रक्ताची वाट बघत बसतात. माकड मेलं की अंगावरच्या गोचिडीही त्याला सोडतात. म्हणून मेलेल्या माकडाच्या आसपासची जमीन काही आठवडे धोक्याची. माकड कुजून गेलं, वास गेला, म्हणजे संपलं असं नाही, उलट धोका त्यानंतरही राहतो.

गुरांची गोष्ट वेगळीच आहे. गाय-म्हैस या व्हायरसने आजारी पडत नाही आणि तिच्या रक्तात व्हायरस फारसा टिकतही नाही, पण ती गोचिडींना पोसते. १९६९ मध्ये बोशेल नावाच्या शास्त्रज्ञाने हेच मांडलं होतं, की जंगल तोडून शेती-वस्ती वाढली, गुरं जंगलात चरायला लागली, त्यांच्या जिवावर गोचिडी बेसुमार वाढल्या आणि त्यातून साथ उठली. ८० च्या दशकात दक्षिण कन्नड जिल्ह्यात बेळतंगडी भागात जंगल साफ करून काजू लावायला घेतला त्यानंतर हजाराच्या वर लोकांना लागण झाली. अलीकडे भारतीय आणि ब्रिटिश संशोधकांनी मिळून पश्चिम घाटाचे नकाशे तयार केले, त्यातही दिसलं की जिथे सदाहरित जंगल आणि बागायत एकमेकांत गुंतलेली आहे आणि देशी गुरं जास्त आहेत तिथे केसेस होण्याची शक्यता जास्त. दोडामार्गचा नकाशा डोळ्यासमोर आणा, तंतोतंत हेच वर्णन आहे.

माझं मत स्पष्ट सांगतो, माकडाला व्हिलन करण्यात काही अर्थ नाही. काजू-नारळाचं नुकसान होतं ते खरं, पण रोगाच्या बाबतीत माकड आपल्याआधी मरतं आणि कुठल्या जागेत व्हायरस फिरतोय ते फुकटात सांगून जातं. ते सांगणं आपण ऐकतो का, एवढाच प्रश्न आहे. माकडांना सुतळी बॉम्ब लावून पळवलं तर आजारी कळप शेजारच्या वाडीत जातो, दुसरं काही होत नाही.

ऑक्टोबर-नोव्हेंबर: तयारी

बागेत जायच्या पायवाटा आणि जिथे बसून बी सोडवता, जेवता, ती जागा झाडून साफ करा. पूर्ण बागेतला पाचोळा उचलणं शक्य नाही आणि गरजही नाही, माणूस जिथे बसतो-चालतो तिथली जमीन उघडी असली की खूप फरक पडतो, गोचिडीला ओलावा आणि सावली लागते, उन्हातल्या कोरड्या जमिनीवर ती तग धरत नाही. जंगलाला काडी लावायचा उद्योग मात्र करू नका. आग आपल्या हद्दीत थांबत नाही, आणि वनखात्याचा गुन्हा वेगळा.

पातेरा, म्हणजे वाळका पालापाचोळा, हा खास आपला विषय. भाजावळीसाठी (पेरणीआधी शेताची जमीन भाजायला) जंगलातून पातेऱ्याचे भारे डोक्यावरून आणायची पद्धत आहे, बायका जास्त करून हे काम करतात, आणि त्या भाऱ्यातून निम्फ सरळ मानेवर-केसात उतरते. शक्यतो पातेरा स्वतःच्या, वस्तीजवळच्या बागेतला घ्या, आणि ज्या भागात माकड मेलंय तिथला तर अजिबात नाही. आणलेला भारा घराच्या खळ्यात किंवा पडवीत रचू नका, थेट शेतात टाका. सरपणाचंही तेच.

तेल. कर्नाटकात आरोग्य खातं डेपा नावाचं तेल फुकट वाटतं, डीआरडीओने (संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने) तयार केलेलं आहे, हातापायाला चोळायचं. आपल्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्रात कुठलं तेल येतं आणि कधी येतं ते नोव्हेंबरातच आशाताईंना विचारून ठेवा, जानेवारीत विचारलं तर बाटल्या येईपर्यंत अर्धा सीझन जातो. नाहीच मिळालं तर डीट (कीटक पळवणारं रसायन) असलेली मच्छर क्रीम चालते, काहीच नसण्यापेक्षा बरीच बरी.

लस? हा प्रश्न दरवर्षी येतो. कर्नाटकात १९९० पासून एक लस देत होते, एक महिन्याच्या अंतराने दोन डोस, मग ६ ते ९ महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी बूस्टर. शिमोग्यातल्या एका अभ्यासात दोन डोसचं संरक्षण सुमारे ६२ टक्के आणि बूस्टर घेतलेल्यांत सुमारे ८३ टक्के आलं, पण ती दुखायची फार, लोक बूस्टरला फिरकायचे नाहीत, आणि पुढे तिचा दर्जाच कमी पडतोय असं लक्षात आल्यावर ती बंद केली. नवीन लस आयसीएमआर (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषद) आणि इंडियन इम्युनॉलॉजिकल्स ही लस कंपनी मिळून तयार करताहेत. ती गावात येईपर्यंत कपडे, तेल आणि आंघोळ हीच आपली लस समजा.

सीझनमध्ये रोजचा दिवस

पूर्ण बाह्यांचा शर्ट, पूर्ण पँट, पँटचे पाय मोज्यात खोचलेले. मार्चच्या उकाड्यात हे सांगणं सोपं आणि करणं अवघड आहे हे मान्य, पण निदान पाय तरी झाका, कारण गोचीड झाडावरून उडी मारत नाही, ती गवताच्या-झुडपाच्या टोकाला पाय पसरून बसते आणि जाणाऱ्याला चिकटते, मग वर चढत जाते. फिकट रंगाचे कपडे घाला म्हणजे चढताना दिसेल. साडी नेसून काम करणाऱ्या बायकांनी आतून लेगिंग आणि मोजे घातले तर बराच फायदा होतो.

तेल उघड्या भागाला लावायचं, तोंड-डोळे सोडून, आणि घाम आला की काही तासांनी परत. सकाळी एकदा लावलं आणि संध्याकाळपर्यंत निवांत, असं होत नाही. बसायला पाट, गोणपाट किंवा प्लास्टिकचं स्टूल न्या, पाचोळ्यावर फतकल मारून बी सोडवायला बसणं म्हणजे निम्फला आमंत्रणच आहे. जेवल्यावर झाडाखाली आडवं व्हायची सवय या चार महिन्यांपुरती सोडा.

घरी आल्यावर कपडे अंगणातच उतरवा, गरम पाण्यात भिजत टाका, आणि साबण लावून गरम पाण्याने घासून आंघोळ करा. मग तपासणी. गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली, कानामागे, केसात, बेंबीत. निम्फ एवढी बारीक असते की तीळ किंवा मातीचा कण वाटेल, म्हणून मोबाईलची टॉर्च लावून बघा, एकमेकांची पाठ बघा. मुलं बागेत येत असतील तर त्यांची मान आणि डोकं आधी.

बाहेरून आलेल्या मजुरांना हे कोणी सांगत नाही, ही माझी खरी तक्रार आहे. खानापूर, बेळगाव भागातून काजूसाठी माणसं येतात, बागेतच खोपटात राहतात, त्यांना ना तेल मिळतं ना माहिती, आणि ताप आला की ती आपल्या गावी निघून जातात आणि तिथल्या डॉक्टरला काही पत्ताच नसतो. मालकाने त्यांना तेल, मोजे, गरम पाणी द्यायला हवं, आणि ताप येऊन घरी निघाला तर हातात एक चिठ्ठी, की हा माणूस माकडतापाच्या भागात काम करत होता.

गोचीड चिकटलेली सापडली तर

बारीक टोकाचा चिमटा घ्या, कातडीला अगदी टेकवून गोचिडीला तोंडाजवळ पकडा आणि सरळ वर, सावकाश ओढा. पिळायचं नाही, फिरवायचं नाही. रॉकेल, चुना, तंबाखूचं पाणी, पेटती उदबत्ती, हे सगळे घरगुती इलाज बंद, त्याने गोचीड चिडून आतलं पाणी आपल्याच जखमेत सोडू शकते. नखात चिरडायची तर अजिबात नाही, आणि गुरांच्या अंगावरची काढून दोन नखांत फोडायची जी सवय असते तीही सोडा. जागा साबणाने धुवा, हात धुवा, गोचीड चिकटपट्टीत बंद करा किंवा साबणाच्या पाण्यात बुडवून मारा. आणि कॅलेंडरवर तारीख लिहा. चावल्यापासून साधारण ३ ते ८ दिवसांत ताप येतो, तेव्हा ही तारीख डॉक्टरला फार कामाची. प्रत्येक गोचीड व्हायरसवाली नसते, चावली म्हणून लगेच दवाखान्यात पळायची गरज नाही, पण दोन आठवडे लक्ष ठेवा.

मेलेलं माकड दिसलं

जवळ जायचं नाही. काठीने उलटून बघायचं नाही, ओढून रस्त्याच्या कडेला टाकायचं नाही, आणि भावनेपोटी हार घालून, कुंकू लावून पुरायचं तर नाहीच. मारुतीचं रूप मानून विधी करायची लोकांची इच्छा मी समजू शकतो, ते नंतर देवळात करा. लांबून फोटो काढा, मोबाईलवर लोकेशन सेव्ह करा आणि कुत्री, मुलं, गुरं तिकडे जाणार नाहीत असं बघा.

फोन दोन करायचे. एक वनरक्षकाला, नंबर नसेल तर वनखात्याचा हॅलो फॉरेस्ट १९२६. दुसरा प्राथमिक आरोग्य केंद्राला. दोन का, तर दोन खाती एकमेकांना कळवतील या भरवशावर राहू नका, पोलीस पाटलांनाही कानावर घाला. काय सांगायचं: कुठे, कधी दिसलं, माकड की वानर, एकच की जास्त, ताजं की कुजलेलं, आसपास आजारी-सुस्त माकडं आहेत का, आणि कोणी हात लावलाय का.

पुढे काय व्हायला हवं तेही माहीत असू द्या, म्हणजे विचारता येतं. पशुवैद्यकीय अधिकारी संपूर्ण किट घालून शवविच्छेदन करतात, मेंदू, यकृत वगैरेचे नमुने बर्फात ठेवून लॅबला जातात, आणि उरलेलं शरीर जाळतात. हे ताजं असतानाच उपयोगाचं, दोन दिवस उन्हात पडलेल्या शरीरातून फारसं काही मिळत नाही, म्हणून पहिला फोन त्याच तासाला. हा व्हायरस इतका धोकादायक धरतात की त्यावरचं काम पुण्यात एनआयव्हीच्या बीएसएल-४, म्हणजे सर्वात कडक सुरक्षेच्या लॅबमध्ये चालतं, पूर्वी संशोधकांना आणि लॅबमधल्या लोकांनाही लागण झालेली आहे, त्यामुळे गावातल्या उत्साही पोरांनी हातमोजे घालून मदत करायला जाऊ नये. मग जागेभोवती साधारण ५० फुटांच्या परिघात आणि जवळच्या पायवाटांवर मॅलेथिऑनसारखं कीटकनाशक मारतात. फवारणी झाली तरी त्या तुकड्यात काही आठवडे काम करू नका. तिथले काजू गेले तर गेले.

रिपोर्ट निगेटिव्ह आला तर? माकडं विजेच्या तारेला चिकटून, कुत्र्यांच्या हल्ल्यात, गाडीखाली अशीही मरतात. पण एकाच जंगलात आठवड्यात दोन-तीन मेली आणि अंगावर जखम नाही, तर एका निगेटिव्ह रिपोर्टवर निश्चिंत होऊ नका, पुढचं माकडही तपासायला लावा.

ताप आला

अचानक कडक ताप, डोकं ठणकणं, कमर आणि पोटऱ्या प्रचंड दुखणं, डोळे लाल, उलट्या-जुलाब, आणि काहींना हिरड्या-नाकातून रक्त. डेंग्यूसारखंच दिसतं, प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशीही कमी होतात, म्हणून डेंग्यू समजून वेळ जातो. डॉक्टरला विचारण्याची वाट न बघता स्वतः सांगा की मी काजूच्या बागेत काम करतो, अमुक तारखेला गोचीड काढली, अमुक ठिकाणी माकड मेलंय. या एका वाक्याने योग्य टेस्ट लवकर होते.

टेस्टचं गणित असं, पहिल्या काही दिवसांत रक्तात व्हायरस असतो तेव्हा व्हायरसच शोधणारी पीसीआर, आठवडाभर उलटल्यावर शरीराने व्हायरसविरुद्ध तयार केलेली आयजीएम अँटिबॉडी शोधणारी टेस्ट. चुकीच्या दिवशी चुकीची टेस्ट केली तर रोग असून निगेटिव्ह येते. सॅम्पल कुठल्या लॅबला गेलं आणि रिपोर्ट कधी येणार हे विचारून लिहून घ्या.

व्हायरस मारणारं औषध नाही. सलाईन, ताप उतरवणं, रक्तस्राव आणि बीपीवर नजर, एवढ्यावरच बहुतेक माणसं बरी होतात, पण दगावण्याचं प्रमाण काही टक्के आहे, साधारण ३ ते ५, म्हणून घरी अंगावर काढायचा हा ताप नाही. पॅरासिटामॉल चालतं. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक स्वतःच्या मनाने घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. मेडिकलवाल्याने दिलेली 'अंगदुखीची गोळी' कोणती आहे ते वाचा.

आणि हे बऱ्याच जणांना माहीत नसतं: ताप उतरतो, माणूस एक-दोन आठवडे बरा असतो, आणि मग १० ते २० टक्के लोकांना दुसऱ्यांदा ताप येतो, तेव्हा तीव्र डोकेदुखी, मान ताठ होणं, हातपाय थरथरणं, बडबडणं, नीट न दिसणं अशी मेंदूची लक्षणं असू शकतात. त्यामुळे पहिला ताप गेल्यावर लगेच बागेत पळू नका आणि दुसऱ्या तापाला थेट मोठं हॉस्पिटल, १०८ ला फोन.

माणसाकडून माणसाला हा रोग होत नाही. पेशंटला वाळीत टाकणं, त्याच्या घरचं दूध न घेणं हे प्रकार बंद करा.

गोठा

गुरं जंगलात चरत असतील तर गोचिडी घरापर्यंत तीच आणतात. पशुवैद्यकीय दवाखान्यातून पाठीवर ओतायचं किंवा फवारायचं औषध घ्या, प्रमाण त्यांनाच विचारा, आणि औषधानंतर किती दिवस दूध वापरायचं नाही हे विचारायला विसरू नका. एकट्याने करून उपयोग कमी, वाडीतली सगळी गुरं एकाच आठवड्यात घेतली तर खरा परिणाम. ज्या बाजूला माकड मेलंय त्या बाजूला गुरं सोडणं बंद.

गावाची नोंदवही

संशोधक येतात, पांढरं फ्लॅनेलचं कापड झुडपांवरून ओढतात, कापडाला चिकटलेल्या गोचिडी जातीप्रमाणे वेगळ्या करून तपासतात, आणि जातात. वर्षभर तिथे राहतो तो गाव. म्हणून एक साधी वही ठेवा, ग्रामपंचायतीत किंवा आशाताईंकडे. माकड मेल्याची तारीख, जागेचं वाडीतलं नाव, फोटो, कोणाला कळवलं, नमुना गेला का, रिपोर्ट काय, फवारणी कधी. दुसऱ्या पानावर ताप आलेल्यांची फक्त संख्या, वाडी आणि ते कुठल्या बाजूच्या बागेत गेले होते, नावं लिहायची गरज नाही. तिसऱ्या पानावर गुरांच्या औषधाच्या तारखा. दोन-तीन सीझन झाले की कुठल्या ओढ्याच्या, कुठल्या देवराईच्या बाजूला दरवर्षी सुरुवात होते ते डोळ्याने दिसायला लागतं, आणि पुढच्या नोव्हेंबरात तेल आधी कुठल्या वाडीत द्यायचं ते बैठकीत वही उघडून सांगता येतं.

जूनमध्ये पाऊस लागला की केसेस थांबतात आणि वही कपाटात जाते, तसं करू नका, कारण मोठ्या गोचिडी पावसातच गुरांवर असतात. गुरांच्या औषधाची एक फेरी पावसाळ्यात घ्या आणि तिची तारीख त्याच तिसऱ्या पानावर लिहा.